आगकाडीपासून काडेपेटीपर्यंत

२०२५च्या जुलैत ‘महावतार नरसिंह’ हा ॲनिमेशनपट लागला, बघता बघता तिकीटखिडकीवर तीनशे कोटींच्या पुढे गेला, आणि सिनेमावेड्यांच्या गप्पांत एक वाक्य रुळलं : ‘आपल्याकडे ॲनिमेशन आता कुठे सुरू होतंय.’ सप्टेंबरात जपानी ‘डीमन स्लेयर’साठी पहाटेचे खेळ लागले, तेव्हा त्याच वाक्याला ‘आणि जपान बघा कुठे पोचलाय’ अशी शेपटीही लागली. जपानचं ठीक आहे. पण ‘आता कुठे’ हे काही खरं नाही.

त्र्यंबकेश्वरच्या धुंडिराज गोविंद फाळके यांना १९१२ साली सिनेमासाठी भांडवल हवं होतं. नुसत्या बोलण्यावर कोण पैसे देणार? त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज एकेक चौकट (फ्रेम) टिपली. त्याची जेमतेम मिनिटभराची फिल्म झाली : ‘अंकुराची वाढ’. पडद्यावर वाटाणा मातीतून डोकं काढतो, वेल सरसर वर चढते. ती पाहून पैसा उभा राहिला. म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’च्याही आधी आपल्याकडे काय झालं असेल, तर चौकटीगणिक चित्रण! ॲनिमेशनचा जीव तरी दुसरा कशात असतो?

तीन वर्षांनी, १९१५ साली, फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. महायुद्ध चालू होतं, परदेशातून येणाऱ्या कच्च्या फिल्मची मारामार होती, म्हणून छोट्या फिल्मवर भागवायचं. टेबलावर काड्या मांडायच्या, कॅमेऱ्याचं हँडल एका चौकटीपुरतं फिरवायचं, काड्या कणभर सरकवायच्या, पुन्हा हँडल. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ साली असाच काड्यांचा खेळ केला होता, त्यामुळे कल्पना अगदी नवी नव्हती. पण फाळके हे राजा रविवर्म्यांच्या लोणावळ्याच्या छापखान्यात काम केलेले, फोटोग्राफी जाणणारे, वर नाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ म्हणून जादूचे प्रयोग करणारे गृहस्थ. निर्जीव काडी नाचवायला याहून योग्य माणूस सापडणं कठीण. ती फिल्म आज हाती नाही, हे दुखणं वेगळंच.

मग दीर्घ सामसूम. अधूनमधून एखादा प्रयत्न व्हायचा, इतकंच. शिस्तीत काम सुरू झालं ते १९५६ साली, मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात. शिकवायला डिस्नेचे क्लेअर वीक्स आले, आणि पुढच्याच वर्षी जातककथेवरचा ‘द बन्यान डिअर’ तयार झाला. भारतीय ॲनिमेशनचे जनक मानले जाणारे राम मोहन याच विभागात घडले. पण मालक सरकार असल्यामुळे विषयही सरकारी : कुटुंबनियोजन, बचत, एकात्मता. थिएटरात हे लघुपट दाखवणं सक्तीचं होतं, आणि प्रेक्षक तेवढ्यात वेफर्स घेऊन यायचे. सगळंच कंटाळवाणं होतं असं मात्र नाही. मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे यांचा १९७४चा ‘एक अनेक और एकता’ आठवून पाहा. भीमसेन यांनी रेखाटलेले ते जाळं घेऊन उडणारे पक्षी दूरदर्शनवर वाढलेल्या पिढीच्या डोळ्यांपुढून अजून हललेले नाहीत.

माझ्या मते खरी गोम इथे आहे. हात आपले, सिनेमा दुसऱ्याचा. आधी सरकारचा, मग जाहिरातवाल्यांचा, मग परदेशी स्टुडिओंचा. ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ हे याचं ठळक उदाहरण. राम मोहन सहदिग्दर्शक, पण ध्यास युगो साको या जपानी माणसाचा आणि चित्रणही जपानात. जानेवारी १९९३मध्ये तो दिल्लीच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला, पण थिएटरात म्हणावा तसा आलाच नाही. मुलांनी तो टीव्हीवर पाहिला. मोठ्या पडद्यावर रीतसर आला जानेवारी २०२५मध्ये, तोवर तीच मुलं आपल्या मुलांचा हात धरून आली होती.

विज्ञानपटांचीही तीच तऱ्हा. हॉलिवूडच्या ‘ड्यून’च्या दोन्ही भागांना दृश्य परिणामांचं ऑस्कर मिळालं, २०२२ आणि २०२५ साली. त्यामागची डीनेग ही मूळची लंडनची कंपनी, पण २०१४ साली मुंबईच्या प्राइम फोकसमध्ये सामील झालेली. असे सिनेमे संपल्यावर दिवे लागतात, झाडूवाला आत येतो, तरी मी नामावळी वाचत बसतो. ओळखीच्या वळणाची आडनावं दिसतात, बरीचशी ‘रोटो’ आणि ‘पेंट’ या शब्दांखाली. रोटो म्हणजे नटाची कडा केसागणिक, चौकटीगणिक कातरून वेगळी करायची; पेंट म्हणजे चौकटीत नको असलेलं पुसून टाकायचं. ते काम चांगलं झालं तर कुणाला दिसतच नाही.

आपल्या हातानं आपलीच गोष्ट सांगणारेही आहेत, थोडे. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या गीतांजली राव यांनी २००६ साली ‘प्रिंटेड रेनबो’ हा लघुपट स्वतः रंगवून केला आणि फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवातल्या समीक्षक सप्ताहात पारितोषिकं मिळवली. त्यात एक एकटी म्हातारी आहे, तिची मांजर आहे आणि तिनं जमवलेल्या काडेपेट्या. पेटीवरच्या चित्राकडे ती टक लावून बघते, आणि चित्र हलायला लागतं.