फोटोचं नाव फोटोत नसतंच

चुलत बहिणीचं लग्न झालं आणि घरातला "कॉम्प्युटरवाला" म्हणून सगळ्यांचे फोटो गोळा करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. तीन कॅमेरे, साडेतीन हजार फोटो, एका फोल्डरमध्ये टाकायला गेलो तर मशीन विचारतंय, आयएमजी ०४२७ आधीच आहे, रिप्लेस करू का? नको रे बाबा.

ही नावं अशी का असतात त्याला कारण आहे. १९९८ साली जपानमधल्या इलेक्ट्रॉनिक कंपन्यांच्या संघटनेने डीसीएफ नावाचा नियम आणला, फाइलच्या नावात आधी चार अक्षरं आणि मग चार आकडे, म्हणजे जुन्या आठ अक्षरी नावाच्या मर्यादेत बसतं. ९९९९ झाले की परत ०००१. त्यामुळे दोन कॅमेरे एकाच कंपनीचे असले की नावं धडकणारच.

आता साडेतीन हजार नावं हाताने कोण बदलणार, म्हणून टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडलं. तिथे हे काम सेकंदा-दोन सेकंदांत होतं, आणि याचं मला आधी फार नवल वाटायचं, एवढे जीबी डेटा इतक्या पटकन कसा काय हलतो? तर तो हलतच नाही. फाइलचं नाव फाइलच्या आत नसतंच मुळी! फोल्डर म्हणजे नुसती यादी, या नावासमोर हा नंबर. युनिक्स-लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये त्या नंबरला आयनोड म्हणतात आणि डेटा डिस्कवर कुठे पडलाय ते आयनोडला माहीत. सातबाऱ्यावर नाव बदललं म्हणून शेत जागचं हलत नाही, तसंच. (पेनड्राइव्हवर हलवताना मात्र खरोखर कॉपी होते, म्हणून तिथे वेळ लागतो.)

पण इथेच माणूस फसतो. विंडोजच्या काळ्या खिडकीत "रेन स्टार डॉट जेपेग स्टार डॉट जेपीजी" लिहिलं की सगळ्यांचं एक्स्टेन्शन बदलतं, कारण स्टार म्हणजे "कुठलंही नाव", आणि तिथे त्याचा अर्थ रेन ही नाव बदलायची कमांड स्वतः लावते. लिनक्सवर तोच प्रकार "एमव्ही" या तिथल्या नाव बदलायच्या कमांडने केला तर गडबड, कारण तिथे स्टार एमव्हीपर्यंत पोचतच नाही, शेल, म्हणजे आपण टाइप केलेलं वाचणारा प्रोग्राम, आधीच त्याच्या जागी खरी नावं भरून टाकतो. समजा फोल्डरमध्ये एक जेपेग आणि एक जेपीजी अशा दोनच फाइली आहेत, तर एमव्हीला दिसतं "पहिलीचं नाव दुसरीसारखं कर", आणि ती निमूटपणे करते. दुसरा फोटो गेला, रिसायकल बिनमध्येही नाही. म्हणून "एन" ऑप्शन लावायचा, मग ती आधीच्या फाइलवर दुसरी टाकत नाही.

नाव द्यायचं तर फोटो काढल्याच्या वेळेचं. ती वेळ जेपेगमध्येच, सुरुवातीच्या एक्झिफ नावाच्या भागात कॅमेऱ्याने लिहिलेली असते. फाइलची बाहेर दिसणारी तारीख धरू नका, कॉपी करताना ती बदलू शकते. फिल हार्वे यांचं एक्झिफटूल हे फुकट मिळणारं टूल ती वेळ वाचून नाव देतं. फक्त एक्झिफमध्ये तारखेतही कोलन असतात आणि विंडोजला नावात कोलन चालत नाही, म्हणून फॉरमॅट सांगावा लागतो. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, महिना-दिवस दोन आकडीच, नाहीतर दहावा महिना दुसऱ्याच्या आधी येऊन बसतो. एकाच सेकंदात धडाधड काढलेल्या फोटोंना मागे नंबर लावायलाही सांगता येतं. आणि "टेस्टनेम" वापरलं तर नाव न बदलता नुसतं काय होईल ते दाखवतं, हे आधी केल्याशिवाय मी एंटर मारत नाही.

तेवढ्यावर वाचलो. चाचणीत दिसलं की अक्षता पडताहेत आणि नवरदेव अजून घोड्यावर! दुबईहून आलेल्या दादाच्या कॅमेऱ्याचं घड्याळ दुबईचंच राहिलेलं, आपल्यापेक्षा दीड तास मागे. एक्झिफटूलने त्याच्या तेवढ्या फोटोंत दीड तास मिळवला आणि वरात वेळेत मांडवात पोचली.

राहिले काकूचे फोटो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलं की एक्झिफ गळून जातं, नावातली तारीख काढल्याचीच असेल असं नाही. म्हटलं, डॉक्युमेंट म्हणून पाठव. तर म्हणे, आधार कार्ड का?