विमानातला वरचा कप्पा : कुरबुरीमागची गोष्ट

डोक्यावरच्या कप्प्यावरून वाद झाला की दोष सहप्रवाशाच्या स्वभावाला दिला जातो. मुळात तो भाडेरचनेचा आहे. सुरुवातीच्या विमानांत वर नुसती उघडी फळी असायची, टोपी-कोटापुरती. झाकणाचे कप्पे १९७० च्या जंबो जेटपासून रुळले. पुढे १९८७ मध्ये एका अमेरिकी वैमानिकाने चाकांची, दांडा धरून ओढायची उभी बॅग बनवली आणि जड सामान थेट विमानाच्या दारापर्यंत नेणं सोपं झालं.

सन २००० मधला एक वाद आज फारसा कुणाला आठवत नाही, पण सगळी मेख त्यात आहे. वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळावर सुरक्षा तपासणीची जागा सर्व विमान कंपन्यांची सामाईक होती. कंपन्यांच्या संयुक्त समितीने तिथल्या एक्स-रे यंत्रांच्या तोंडाशी ठरावीक मापाची चौकट बसवली. बॅग त्यातून गेली नाही, तर ती परत काउंटरवर. तिथे सर्वाधिक उड्डाणं असलेली कंपनी या निर्णयाच्या बाजूने होती. मात्र एका स्पर्धक कंपनीने खर्च करून आपल्या विमानांतले कप्पे मोठे करून घेतले होते. विमानात जागा असूनही तिच्या प्रवाशांच्या बॅगा चौकटीत अडू लागल्या. ती कंपनी न्यायालयात गेली. सगळ्यांनी मिळून एकच माप ठरवणं म्हणजे स्पर्धा मारणं, हा तिचा मुद्दा. सामाईक रांग सुरळीत चालायला सामाईक माप हवंच, हा दुसऱ्या बाजूचा. खालच्या न्यायालयाने २००१ मध्ये तक्रारदार कंपनीच्या बाजूने कौल दिला. अपील न्यायालयाने २००२ मध्ये तो रद्द केला आणि प्रकरण सखोल तपासणीसाठी परत पाठवलं. चौकट सरसकट लावणं मलाही अन्यायाचं वाटतं. तरी तेव्हा नियम निदान दाराबाहेर लागू होत होता. आज तो लावायचं काम कप्प्याखाली उभ्या असलेल्या केबिन क्रूवर आणि प्रवाशांच्या समजूतदारपणावर येऊन पडलं आहे.

ते तसं पडलं २००८ नंतर. इंधन महागलं आणि अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी चेक-इनच्या पहिल्याच बॅगेला १५ डॉलर लावले. वर ठेवायची बॅग फुकटच राहिली. लोकांनी सामान वर न्यायला सुरुवात केली, यात नवल काय? २०१० मध्ये एका स्वस्त कंपनीने वरच्या कप्प्यासाठीच पैसे आकारले आणि सीटखालची जागा तेवढी मोफत ठेवली. त्यावर बरीच ओरड झाली, पण निदान ज्या जागेची टंचाई होती तिचीच किंमत लावली गेली.

आपल्याकडे २०१३ मध्ये सेवांचे पैसे वेगळे आकारायला परवानगी मिळाली आणि बहुतेक देशांतर्गत उड्डाणांत मोफत चेक-इन सामान २० किलोंवरून १५ वर आलं. हातातल्या बॅगेला ७ किलोंची मर्यादा आहे, पण कमी झालेले पाच किलो कुठेतरी जाणारच. मे महिन्यात मुंबईहून निघणाऱ्या विमानात हापूसची एखादी पेटी आडवी ठेवली की दोन बॅगांची जागा गेली. एका प्रवाशाला एकच हँडबॅग, हा जुना नियम २०२२ च्या जानेवारीत पुन्हा बजावावा लागला.

यात सर्वाधिक कोंडी होते ती पहिल्या रांगेतल्या आणि आपत्कालीन दाराजवळच्या प्रवाशांची. पहिल्या रांगेला पुढे सीटच नसते आणि दाराजवळची वाट मोकळी लागते, म्हणून टेक-ऑफच्या वेळी पर्ससुद्धा वर ठेवावी लागते. चोविसाव्या रांगेतल्या माणसाने जाता जाता आपली बॅग पुढच्या कप्प्यात टाकली, तर या लोकांना दुसरी सोयच उरत नाही. लेखी नियम मात्र बॅगेच्या मापावर आणि वजनावर थांबतात. कुणी कुठे ठेवावी, ते सहसा सांगत नाहीत.

गेल्या दहा वर्षांत आलेल्या मोठ्या कप्प्यांत चारऐवजी सहा बॅगा मावतात, पण त्या पुस्तकांसारख्या उभ्या लावल्या तरच. शिवाय जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या बुसान इथे उभ्या विमानाला आग लागली आणि संशय वरच्या कप्प्यातल्या पॉवर बँकेवर गेला. मार्चपासून त्या देशाच्या विमानांत पॉवर बँक वर ठेवायला बंदी आली. कप्पे भरले म्हणून गेटवरच बॅग सामानकक्षात पाठवायला सांगितलं, तरी पॉवर बँक आधी काढून घ्यावी लागते, कारण ती तिथे चालत नाही.