बोल्डरमधली साफसफाई : कोलोरॅडोच्या २०२३ च्या हंगामाची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या बोल्डर शहरातल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाने २०२३ चा हंगाम ४-८ वर, म्हणजे चार विजय आणि आठ पराभवांवर संपवला. आदल्या वर्षीच्या १-११ च्या मानाने हे बरंच म्हणायचं. पण सप्टेंबरच्या मध्याला सगळ्या देशाच्या तोंडी असलेला हा संघ नोव्हेंबरअखेर पॅक-१२ कॉन्फरन्सच्या, म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाच्या, तळाला होता. सामने ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हरले असले, तरी त्यामागचा निर्णय एप्रिलमधला होता.

संघाच्या वैभवाचे दिवस फार मागचे. १९९० चं राष्ट्रीय विजेतेपद, तेही जॉर्जिया टेकबरोबर वाटून घेतलेलं. त्याच हंगामात पंचांच्या चुकीने मिळालेल्या पाचव्या डाउनवर (डाउन म्हणजे चेंडू पुढे नेण्याची संधी, ती चारदाच मिळते) मिसूरीविरुद्ध ३३-३१ असा विजय, ज्याचं नाव काढलं की मिसूरीकर आजही चिडतात. २००६ ते २०२२ या काळात पराभवांपेक्षा विजय जास्त, असे हंगाम दोनच : २०१६ आणि महामारीने कापलेला २०२०. मधे २०११ मध्ये बिग १२ कॉन्फरन्स सोडून पॅक-१२ मध्ये जाणं झालं, त्यानेही विशेष फरक पडला नाही.

खरी उलथापालथ नियमांनी केली. ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, २०१८ च्या ऑक्टोबरात सुरू झालं, पण तेव्हा विद्यापीठ बदललं की बहुतेकांना एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. २०२१ मध्ये ती अट पहिल्या बदलीपुरती गेली आणि त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमावायची मुभा मिळाली. या दोन्हींचा पहिला फटका खाणाऱ्यांत कोलोरॅडो होतं. २०२१ च्या हंगामानंतर त्यांचे उत्तम खेळाडू ओरेगन, यूएससी अशा ठिकाणी निघून गेले. बाहेरून कुणाला आणायचं, तर आधीच्या कॉलेजातले क्रेडिट (पूर्ण केलेला अभ्यासक्रम) ग्राह्य धरण्याबाबत बोल्डरचे शैक्षणिक विभाग कडक. म्हणजे जायला दार सताड उघडं आणि यायला अर्धंच. २०२२ मध्ये पहिले पाचही सामने गेल्यावर कोचला घरी पाठवलं.

डिसेंबर २०२२ मध्ये नवे हेड कोच आले. एनएफएल या व्यावसायिक लीगच्या हॉल ऑफ फेममधले कॉर्नरबॅक, म्हणजे बचावातले खेळाडू. मिसिसिपीतल्या जॅक्सन स्टेटमध्ये तीन हंगामांत २७-६ अशी कामगिरी. करार पाच वर्षांचा, २ कोटी ९५ लाख डॉलरचा. हे पैसे अजून हातात नाहीत, असं विद्यापीठाच्या क्रीडाप्रमुखांनीच तेव्हा सांगून टाकलं होतं. क्रेडिटच्या नियमांत सवलत देणारी योजनाही याच सुमारास जाहीर झाली, हा योगायोग नव्हे.

खेळाडूंसमोरच्या पहिल्याच बैठकीत कोचनी सांगितलं, की मी माझं सामान (म्हणजे आपले खेळाडू) बरोबर घेऊन येतोय, तुम्ही पोर्टलचा विचार करा. कॅमेरा चालूच होता. पुढे जे झालं त्याला अनेकांनी ‘कोचचा स्वभाव’ म्हटलं. स्वभाव होताच, पण नियमाच्या आधाराशिवाय तो चालला नसता. तेव्हा एका संघाला जास्तीत जास्त ८५ स्कॉलरशिप देता येत. स्कॉलरशिप दिलेल्या खेळाडूला नुसत्या खेळाच्या कारणावरून काढता येत नाही, हे मोठ्या कॉन्फरन्सांत ठरलेलं. मात्र नव्या हेड कोचला एक पळवाट होती. पहिल्या वर्षात त्याने एखाद्याला संघाबाहेर ठेवलं आणि विद्यापीठाने त्याच्या शिक्षणाचा खर्च चालू ठेवला, तर तो खेळाडू ८५ मध्ये धरला जात नसे. शिवाय वर्षाला २५ च नवे खेळाडू घेण्याची मर्यादा मे २०२२ मध्ये दोन वर्षांसाठी उठवली होती. जुन्यांना मोजायचं नाही आणि नव्यांना मर्यादा नाही, अशी सोय दोन्हीकडून झाली.

२२ एप्रिल २०२३ ला स्प्रिंग गेम झाली. एरवी दोन-चार हजार टाळकी जमणारी ही सराव सामन्याची दुपार. या वेळी बर्फ पडत असताना ४७ हजारांवर तिकिटं खपली आणि राष्ट्रीय वाहिनीवर थेट प्रक्षेपण. त्या गर्दीसमोर धावलेल्यांपैकी कित्येकांची नावं पुढच्या आठवड्यात पोर्टलमध्ये होती. एकूण पन्नासहून अधिक खेळाडू गेले. स्कॉलरशिपवरचे जुने जेमतेम दहाएक उरले. वाडा विकत घेतलेला मालक जुन्या भाडेकरूंना काढतो तसंच हे, फक्त भाडेपावती रीतसर. नियम यासाठी केलेला नव्हता, अशी जाहीर टीका दुसऱ्या एका विद्यापीठाच्या कोचने केली. मला ती पटते. ‘शिक्षण तर चालूच आहे’ हा युक्तिवाद ऐकायला बरा, पण फुटबॉलसाठी बोल्डरला आलेल्या मुलाला संघाबाहेर राहून तिथे शिकायचं असेलच असं नाही.

सुरुवात मात्र झोकात झाली. आदल्या हंगामातल्या उपविजेत्या टीसीयूला त्यांच्याच मैदानावर ४५-४२ ने हरवलं. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, कोचचाच मुलगा; त्याने ५१० यार्ड पास केले. बचाव आणि आक्रमण दोन्हींत खेळणारा एक पठ्ठ्या शंभराहून अधिक स्नॅप (खेळी) मैदानात होता. नेब्रास्का ३६-१४, मग कोलोरॅडो स्टेट दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये ४३-३५. त्या सामन्यात उशिरा बसलेल्या धडकेने दोन्हीकडे खेळणाऱ्या खेळाडूच्या यकृताला इजा झाली. पुढच्याच आठवड्यात ओरेगनने ४२-६ असं लोळवलं.

घाईत जमवलेल्या संघात धावणारे, झेलणारे लवकर जुळले; क्वार्टरबॅकला संरक्षण देणारी ऑफेन्सिव्ह लाइन जुळली नाही. ती पाच जणांनी वर्षानुवर्षं शेजारी उभं राहून तयार होते. क्वार्टरबॅक पन्नासवेळा तरी सॅक झाला, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच पाडला गेला, आणि धावून मिळवलेल्या यार्डांत संघ देशात शेवटचा ठरला. १३ ऑक्टोबरला घरच्या मैदानावर स्टॅनफर्डविरुद्ध मध्यंतराला २९-० आघाडी होती. चेंडू घेऊन धावत घड्याळ संपवायचं एवढंच काम उरलेलं, तेच जमेना. ४६-४३ असा सामना गेला. मग हंगाम चालू असतानाच आक्रमणाच्या खेळी ठरवण्याचं काम दुसऱ्या सहायक कोचकडे दिलं गेलं. पुढचे सगळे सामने हरले.

२०२४ मध्ये संघ पुन्हा बिग १२ मध्ये गेला, ९-४ अशी कामगिरी झाली, आणि दोन्हीकडे खेळणाऱ्या त्या खेळाडूला हाइझमन ही वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची ट्रॉफी मिळाली. जून २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीने ८५ स्कॉलरशिपची मर्यादा जाऊन १०५ खेळाडूंच्या रोस्टरची (संघयादीची) मर्यादा आली. तिच्यामुळे जागा गेलेल्यांना परत घेतलं, तर ते त्या १०५ मध्ये मोजायचे नाहीत, अशी तरतूद न्यायाधीशांनी तडजोड अडवून धरल्यावर त्यात घालावी लागली. संघात घ्यायचं की नाही, हे मात्र विद्यापीठाच्याच मर्जीवर ठेवलं.