गुडघ्यांनी श्वास घेणारी झाडं

‘झाडं ऑक्सिजन देतात’ हे वाक्य शाळेत इतकं घोटून घेतलेलं असतं, की झाडांच्या मुळांना ऑक्सिजन लागतो म्हटलं की लोक चमकतात. पानं उजेडात ऑक्सिजन तयार करतात हे खरंच. पण मुळं अंधारात असतात आणि त्यांचं श्वसन चोवीस तास चालू असतं. त्यासाठी लागणारा ऑक्सिजन ती मातीच्या कणांमधल्या हवेतून घेतात. रोज तांब्याभर पाणी जास्त ओतून कुंडीतली तुळस मारण्याचा पराक्रम घरोघरी होतो, तेव्हा रोप मरतं ते मुळं गुदमरून.

मग बारा महिने पाण्यात पाय रोवून उभी असलेली उंच सदाहरित झाडं जगतात कशी? सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे, गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या निरंकाराच्या राईत, उत्तर कन्नडमधल्या कत्तलेकानात आणि पुढे केरळपर्यंत अशी जंगलं तुकड्यातुकड्यांनी उरली आहेत. अभ्यासक त्यांना मायरिस्टिका स्वॅम्प म्हणतात, म्हणजे रानजायफळांच्या दलदली. बांबर्ड्याचा तुकडा २०२०-२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला. त्याचं क्षेत्र २.५९ हेक्टर, म्हणजे साडेसहा एकरही नाही.

या जंगलांबद्दल ‘चौदा कोटी वर्षांपूर्वीचं जंगल’ असं सर्रास लिहिलं जातं. फुलझाडांचे सर्वांत जुने निर्विवाद जीवाश्मच साधारण तेरा कोटी वर्षांचे आहेत, आणि उत्तर सह्याद्रीचा काळा पाषाण जेमतेम साडेसहा कोटींचा. जायफळाचं कूळ जुनं आहे. पण समोरचा ओहोळ आणि त्याच्या काठचं झाड तितकं जुनं नाही. जपायला एवढ्या थापेची गरजही नाही.

आता मुळांकडे वळू. पाण्यातून ऑक्सिजनचं विसरण, म्हणजे दाटीकडून विरळीकडे पसरणं, हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट मंद होतं. शिवाय लिटरभर हवेत पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन असतो, तर २५ अंश तापमानाच्या लिटरभर पाण्यात जेमतेम आठ. चिखलातले जिवाणू हा तुटपुंजा साठा थोड्याच वेळात फस्त करतात. तो संपला की ते श्वसनासाठी ऑक्सिजनऐवजी नायट्रेटकडे वळतात, मग मँगनीज, मग लोह, मग सल्फेट. सगळ्यात शेवटी मिथेन तयार होऊ लागतो. काठी खुपसल्यावर वर येणारे बुडबुडे त्याचेच. यातला लोहाचा टप्पा झाडासाठी घातक असतो. एरवी मातीत न विरघळता पडून असलेलं फेरिक लोह फेरस होऊन पाण्यात विरघळतं, आणि ते मुळात जास्त शिरलं तर विषारी ठरतं. म्हणजे मुळाला गुदमरणं आणि विषबाधा अशी दोन्ही संकटं टाळायची असतात.

जिम्नाक्रँथेरा या रानजायफळाच्या भाईबंदाने यावर काढलेला तोडगा गुडघ्यांचा. त्याचं आडवं मूळ चिखलातून वर येतं, वाकतं आणि पुन्हा चिखलात शिरतं. थोडं पुढे जाऊन पुन्हा वर. या कमानीच्या सालीवर खरखरीत ठिपके दिसतात, ती वल्करंध्रं, म्हणजे सालीतली हवेची छिद्रं. हवा तिथून आत जाते आणि सालीखालच्या पोकळ्यांनी भरलेल्या ऊतीतून खाली उतरते. मायरिस्टिका मॅग्निफिका या जातीला खोडातून फुटून जमिनीत उतरणारी आधारमुळं असतात. तीही हवा खाली नेतात.

मूळ एकाच ठिकाणी वर येऊन का भागत नाही? कारण हवा आत सरकत असताना वाटेतल्या पेशीही ऑक्सिजन वापरतात. ठरावीक अंतरानंतर पुढच्या भागाला काही उरत नाही, म्हणून पुन्हा वर यावं लागतं. खाडीकाठच्या तिवराला भरती-ओहोटीची मदत असते: श्वसनमुळं पाण्याखाली गेली की आतला ऑक्सिजन वापरला जातो, कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो, आतला दाब घटतो आणि ओहोटीला हवा आपसूक ओढली जाते. इथे भरती नाही. बहुतेक भार संथ विसरणावर, त्यामुळे एकेक गुडघा उघडा राहणं महत्त्वाचं. शिवाय थोडा ऑक्सिजन मुळाच्या टोकातून बाहेर झिरपतो, लगतच्या फेरस लोहाचा गंज करतो आणि तो गंज मुळाभोवती लेप होऊन बसतो. विष बाहेरच अडतं.

ओहोळाच्या कडेला साचलेल्या पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला की कोणी म्हणतं पेट्रोल सापडलं, कोणी देवाचा चमत्कार सांगतं. बारीक काटकी घेऊन तवंग मोडा. पापडासारखे कोनदार तुकडे झाले आणि ते तसेच राहिले, तर तो त्याच विरघळलेल्या लोहावर जगणाऱ्या जिवाणूंचा. तुकडे पुन्हा एकमेकांत मिसळले, तर मात्र तेल खरंच सांडलंय.

हे कळलं की तिथे कसं वागायचं हे वेगळं सांगावं लागत नाही, तरी सांगतो. दलदलीत उतरू नका, काठावरून पाहा. गुडघ्यावर पाय पडला की साल फुटते, आत पाणी शिरतं आणि कूज लागते. दहा माणसं एकाच वाटेने गेली की चिखल दाबला जातो, नवीन रोपं तुडवली जातात. वाट हवीच असेल तर उंचावरची लाकडी. खांब हाताने खणून, मुळांमधली मोकळी जागा बघून बसवायचे. सिमेंटचा चौथरा नको, त्याने प्रवाह वळतो. फळ्यांमध्ये बोटभर फट ठेवायची, म्हणजे उजेड आणि पाऊस खाली पोचतो. तांब्याचे क्षार मुरवलेलं लाकूड टाळावं, कारण तांबं पाण्यात उतरलं तर बेडकांची पिल्लं मरतात. पावसाळ्यात फळ्यांवर शेवाळ धरतं, म्हणून वर बारीक जाळी ठोकावी. केरळच्या अशा दलदलींत राहणारा एक झाडबेडूक पावसाच्या तोंडावर खाली उतरून अंडी घालतो. २०१३ मध्ये त्याच्या प्रजातीला मर्क्युराना हे नाव मिळालं ते गायक फ्रेडी मर्क्युरीवरून, ज्याचं बालपण पाचगणीच्या शाळेत गेलं.

पावसात जळवा लागणारच. त्यांच्यासाठी जमिनीवर मीठ किंवा तंबाखूचं पाणी शिंपडू नका, बेडकांच्या ओल्या त्वचेला ते सोसत नाही. जळवेच्या निमुळत्या टोकाखाली नख सरकवून आधी तोंड सोडवा, मग जाडं टोक. रक्त काही वेळ वाहत राहतं, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं. दाबून धरलं की थांबतं.

जानेवारी ते मे हा वेगळ्या काळजीचा काळ. दोडामार्गात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत. तो गोचिडांमुळे पसरतो आणि गोचिडांची पिल्लं पाचोळ्यात असतात. पाचोळ्यावर बसू नका, पँट मोज्यात खोचा, परतल्यावर अंग तपासा. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा. आठवड्याभरात ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं आवर्जून सांगा.

लाल पत्री गुंडाळलेलं फळ खाली पडलेलं दिसलं तर तिथेच राहू द्या. मसाल्याच्या दुकानातली रामपत्री याच कुळातल्या मलबारिका जातीची, आणि कच्ची फळं ओरबाडल्याने तिचीही रोपं कमी झाली आहेत. या बिया साठवणीच्या नाहीत. भाताच्या बियाण्यासारख्या उन्हात वाळवल्या की मेल्याच. वनखात्याच्या परवानगीने रोपवाटिका करायची तर पत्री काढून ताज्या बिया काही दिवसांतच सावलीतल्या ओल्या वाळूत लावाव्यात. नर आणि मादी झाडं वेगळी असतात. चार झाडं वाचवली आणि चारही नर निघाली, तर फळ धरणार नाही.

कुंपण घालून मात्र दलदल वाचत नाही, कारण तिचं पाणी बाहेरून येतं. वरच्या सड्यात, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारात, मुरलेलं पावसाचं पाणी उन्हाळ्यात झिरपत खाली पोचतं. पोफळीच्या बागेसाठी पाट वळवला, वर बोअर मारली किंवा रबर-काजूसाठी उतार जेसीबीने सोलला, तर एक तर पाणी आटतं किंवा गाळ येतो. वीतभर गाळाखाली गेलेली वल्करंध्रं बंद पडतात. झाड लगेच मरत नाही, शेंडा वाळत जातो आणि दोष किडीवर येतो.

गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला दोन मोजमापं स्वस्तात करता येतील. फेब्रुवारी ते मे दर पंधरा दिवसांनी, ओहोळाचं सगळं पाणी एका पन्हळीतून दहा लिटरच्या बादलीत घ्यायचं आणि भरायला लागलेले सेकंद लिहायचे. वीस सेकंद म्हणजे दिवसाला ४३,२०० लिटर. चाळीस झाले, तर पाणी निम्म्यावर आलं. दुसरं, गुडघ्यांजवळ खुणा केलेल्या बांबूच्या खुंट्या ठोकून पावसाळ्याआधी आणि नंतर गाळाची पातळी नोंदवायची. खुंटी ठोकण्याआधी हाताने चाचपून घ्या, खाली मूळ असतं.