केवडा पडला म्हणजे जमिनीत लोह नाही?

उसाच्या खोडव्याची किंवा भुईमुगाची कोवळी पाने पिवळी पडली, म्हणजे केवडा पडला, की ‘जमिनीतलं लोह संपलं, हिराकस (फेरस सल्फेट) टाका’ हा सल्ला हमखास मिळतो. तो अर्धवट आहे. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत लोह भरपूर असते, पण मुळांना ते घेता येत नाही. जमिनीचा सामू (पीएच) एका अंकाने वाढला की फेरिक, म्हणजे गंजातल्यासारख्या रूपातील, लोहाची विद्राव्यता जवळपास हजारपटीने घटते. ८ च्या पुढे ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. चुनखडीतून येणारे बायकार्बोनेट यात भर घालते. अशा मातीत नुसते हिराकस फेकले, तर तेही थोड्याच दिवसांत गंजासारखे होऊन अडकते. शेतकऱ्याचे पैसे मातीत जातात, याचे फार वाईट वाटते.

आधी पान नीट पाहा. कोवळे पान पिवळे आणि शिरा हिरव्या, तर लोह. जुनी पाने आधी पिवळी, तर बहुधा नत्र. लोहासाठी १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस, थोडे सायट्रिक ॲसिड घालून पानांवर फवारा. जमिनीतूनच द्यायचे, तर शेणखतात मुरवून द्या. चिलेट (लोह विरघळलेले ठेवणारे खत) घेताना ईडीडीएचए हा प्रकार घ्या. ईडीटीए हा दुसरा प्रकार चुनखडीत टिकत नाही. आणि पाणी तुंबू देऊ नका, त्याने केवडा वाढतो.