काजळी आणि कार्बन डायऑक्साइड: पीयूसी नेमका कशाचा दाखला?

पीयूसी, म्हणजे गाडीच्या प्रदूषण-तपासणीचं प्रमाणपत्र, मिळालं म्हणजे आपली गाडी हवामान तापवत नाही, असा समज सर्रास आढळतो. त्या तपासणीत पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, डिझेल गाडीचा धूर किती दाट आहे ते पाहतात. कार्बन डायऑक्साइडला तिथे मर्यादाच नाही. इंजिन कितीही नीट ट्यून केलेलं असो, एक लिटर पेट्रोलमागे तो सुमारे २.३ किलो बाहेर पडतोच, डिझेलमागे २.७ किलोच्या आसपास.

इंधनाला पुरेशी हवा मिळाली की त्यातला कार्बन पूर्ण जळून कार्बन डायऑक्साइड वायू होतो. हवा कमी पडली किंवा लाकूड ओलं असलं की अर्धवट जळलेले घन कण उरतात, ती काजळी. गॅसची ज्योत निळी असेल तर ज्वलन नीट आहे. ज्योत पिवळी होऊन भांड्यांची बुडं काळी पडायला लागली, तर आधी बर्नरची भोकं साफ करा. रॉकेलची चिमणी याबाबत फारच वाईट: जळलेल्या रॉकेलच्या वजनाच्या ७ ते ९ टक्के काजळी होते.

छातीला घात करते ती काजळी. तिचे कण बहुतेक १ मायक्रॉनहून लहान असतात, त्यामुळे नाका-घशात न अडकता ते थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. दमा बळावतो, हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. बाहेरच्या हवेतल्या सुमारे ४२५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२५ भाग) कार्बन डायऑक्साइडने मात्र श्वासाला काहीच होत नाही. बंद खोलीत माणसांच्याच श्वासाने तो १००० च्या वर गेला की कोंदट वाटू लागतं. एअर प्युरिफायर लावून खिडक्या कायम बंद ठेवणारे इथेच चुकतात. प्युरिफायरमधला हेपा फिल्टर कण धरतो, कार्बन डायऑक्साइड धरत नाही. एन९५ मास्कचंही तेच. रस्त्यावरची वर्दळ कमी असेल तेव्हा दहा-पंधरा मिनिटं खिडकी उघडायलाच हवी. कार्बन डायऑक्साइड मोजायचा मीटर घेणार असाल तर ‘एनडीआयआर’ सेन्सरचा घ्या, तो अवरक्त किरणांनी हाच वायू थेट मोजतो. ‘ईसीओ२’ दाखवणारी स्वस्त यंत्रं इतर वायूंवरून नुसता अंदाज बांधतात. हाताला सॅनिटायझर लावलं तरी त्यांचा आकडा उसळतो.

तापमानवाढीत दोघांचाही हात आहे, पण मुक्काम फार वेगळा. काजळी ऊन शोषते, हिमालयातल्या बर्फावर बसून तो लवकर वितळवते; हवेत मात्र ती आठवडा-दोन आठवडेच टिकते, पाऊस तिला धुऊन नेतो. कार्बन डायऑक्साइडचा बराचसा भाग शेकडो वर्षं राहतो. म्हणून चुली आणि वीटभट्ट्या सुधारल्या तर फरक लगेच जाणवेल, आणि ते आजच करायला हवं. पण त्याने कोळसा-पेट्रोलचा हिशेब चुकता होत नाही.

बीएस-६ डिझेल गाडीतला डीपीएफ, म्हणजे धुराच्या वाटेवरचा फिल्टर, काजळी अडवतो आणि ती साठली की सुमारे ६०० अंशांवर जाळतो. जाळल्यावर होतो तो कार्बन डायऑक्साइडच! त्यासाठी मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने १५-२० मिनिटं गाडी चालावी लागते. रोज दोन-तीन किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीत फिल्टर तुंबतो, डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागतो, आणि काही जण फिल्टरच कापून टाकतात. मग सगळी काजळी मागच्या दुचाकीस्वाराच्या छातीत जाते.