बारा व्होल्ट वाटेत कुठे गळाले?

गोव्याहून शिडाच्या बोटीने कोचीला गेलेल्या मित्राचा फोन आला. बोटीवरचा फ्रिज धक्क्यावरची वीज जोडली की उत्तम चालतो, इंजिन सुरू असलं तरी चालतो. नांगर टाकून नुसत्या बॅटरीवर ठेवला की दोन-चार सेकंद घुरघुरतो आणि गप्प. मिनिटभराने पुन्हा तेच. आत आदल्या दिवशीची सुरमई होती, त्यामुळे आवाजात काळजी होती.

"बॅटरी मोजलीस?"

"अरे, बारा पॉइंट सहा दाखवतेय. ठणठणीत आहे."

इथेच बहुतेकांची गाडी अडते. बारा पॉइंट सहा हा आकडा खरा होता, पण तो फ्रिज बंद असतानाचा. गच्चीवरच्या टाकीची पाइप आतून गंजून अर्धी बुजलेली असेल, तरी नळ बंद असताना नळापाशी पाण्याचा दाब पूर्ण भरतो. नळ सोडा, मग करंगळीएवढी धार येते. विजेचंही तसंच. तारेत आणि जोडांत कितीही रोध असला, तरी करंट वाहत नाही तोवर व्होल्टेज कुठे गळत नाही. करंट गुणिले रोध, हे ओहमचं शाळेतलं गणित करंट शून्य असताना शून्यच उत्तर देतं.

अशा बोटींच्या फ्रिजमध्ये बहुधा डॅनफॉस कंपनीचा (आता सेकॉपचा) बॅटरीवर चालणारा छोटा डीसी कॉम्प्रेसर असतो आणि त्याच्या अंगाला चिकटलेली एक काळी इलेक्ट्रॉनिक डबी. ही डबी बॅटरीची रखवालदार. नेहमीच्या सेटिंगवर तिच्यापाशी व्होल्टेज १०.४च्या खाली गेलं की ती कॉम्प्रेसर थांबवते आणि ११.७च्या वर आल्याशिवाय पुन्हा चालू करत नाही. बॅटरी पार निपचित पडून इंजिनच सुरू होईना, अशी वेळ येऊ नये म्हणून ही सोय. गंमत अशी की कॉम्प्रेसर थांबला की करंट थांबतो, करंट थांबला की व्होल्टेज परत साडेबाराच्या आसपास, आणि डबीला वाटतं सगळं आलबेल आहे. म्हणून ते मिनिटामिनिटाचं घुरघुरणं. डबीला छोटी एलईडी जोडली असेल तर ती दर चार सेकंदांनी एकदाच लुकलुकते, म्हणजे "व्होल्टेज कमी". तीनदा लुकलुकली तर मोटर सुरू होण्यात अडचण, पाचदा म्हणजे डबी तापली. मित्राच्या बोटीवर एलईडी नव्हती. असती तर माझा अर्धा तास वाचला असता.

मग त्याला मीटर घेऊन फ्रिजच्या मागे बसवलं. मीटरच्या दोन्ही टोकांना क्लिपा लावून ती थेट डबीच्या प्लस-मायनसवर अडकवायची आणि कॉम्प्रेसर सुरू व्हायची वाट बघायची. तो फोनवर आकडे वाचत होता: "साडेबारा... साडेबारा... अकरा... दहा पॉइंट तीन... गेला!" त्याच क्षणी बॅटरीच्या खुंट्यांवर मोजलं तर १२.३. म्हणजे बॅटरी निर्दोष. तीही तिथे साडेदहावर आपटली असती, तर म्हातारी झाली असं समजून बदलायला सांगितलं असतं. दोन व्होल्ट वाटेतच गळत होते.

आता वाट तुकड्यातुकड्यांनी मोजायची. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं फ्यूजच्या पुढे. दोन्ही टोकं एकाच बाजूच्या तारेवर असल्याने मीटर थेट गळतीच दाखवतो. फ्यूज होल्डरवर १.१ व्होल्ट! फ्रिजच्या साडेचार अँपिअर करंटला हे सुमारे पाच वॅट होतात, तेही बोटाएवढ्या जागेत. "हात लावून बघ," म्हटलं. कोमट लागला. उघडल्यावर आतल्या पितळेवर हिरवा कळंक. खाऱ्या हवेला हे काम सांगावं लागत नाही. दुसरा अर्धा व्होल्ट निगेटिव्हच्या थिंबलमध्ये, म्हणजे तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीत, गळत होता. निगेटिव्हकडे लोक बघतच नाहीत, जणू करंट फक्त जातो, परत येत नाही.

त्यात भर म्हणजे डबी मोटरचा वेग टिकवते, त्यामुळे व्होल्टेज पडलं की तेवढ्याच कामासाठी ती जास्त करंट ओढते, आणि जास्त करंट म्हणजे आणखी गळती.

धक्क्यावर मात्र चार्जर बॅटरी १३.८पर्यंत उचलून धरतो. त्यातून दोन गेले तरी अकरा पॉइंट आठ उरतात, आणि डबी खूश. इंजिन चालू असताना त्याच्यावरचा अल्टरनेटर, म्हणजे वीज बनवणारं यंत्र, हेच करतो. दोष तेव्हाही होताच, फक्त झाकलेला.

पॉलिश पेपर, नवा फ्यूज होल्डर, नवं थिंबल, एवढ्यात काम झालं. फ्रिजपाशी आता चालू असताना ११.९. उरलेली ०.४ व्होल्टची गळती तारेचीच. अंतर सहा मीटर आणि तार अडीच चौरस मिलिमीटरची. कॉम्प्रेसरच्या उत्पादकाचा हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे: बारा व्होल्टवर जितके मीटर अंतर, साधारण तितक्या चौरस मिलिमीटरची तार. म्हणजे इथे सहाची हवी. ती पावसाळ्यात, बोट पाण्याबाहेर काढल्यावर घालणार म्हणतोय. सुरमई मात्र त्याच रात्री तळावी लागली.